दोन भावांचा एक भाव

माझ्या दोन्ही भावांच्या डाळमिली आहेत. थोरल्याची नशिराबादला, हायवेलगत, वडिलांनी घातलेली. धाकट्याची धुळ्याला एमआयडीसीत, त्यानं स्वतः उभी केलेली. मी मधली. लग्न होऊन जळगावात आले, पहूरच्या शाळेत नोकरी केली, निवृत्त झाले, आणि नवरा गेल्यापासून जळगावात एकटीच राहते.

थोरल्याला आम्ही नाना म्हणतो. धाकट्याला मी भाऊ म्हणते, तो मला अक्का म्हणतो. हे दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. वडील अंथरुणाला खिळलेले असताना भाऊनं धुळ्याला वेगळी मिल टाकली. जाताना वडिलांच्या हाताखालचा मिस्त्री आणि शिंदखेड्याकडची गिऱ्हाइकं फोडून नेली, असं नानाचं म्हणणं. मिस्त्री आपल्या पायांनी आला आणि गिऱ्हाईक काही कुणाच्या दावणीला बांधलेलं नसतं, असं भाऊचं म्हणणं. मला दोघांचंही खरं वाटायचं. आईच्या दहाव्याला दोघं नदीवर आले, दोघांनी पिंडाला हात लावला, आणि दोन वेगळ्या गाड्यांनी परत गेले. त्यानंतर त्यांच्यामध्ये राहिले ते फक्त माझे फोन.

सकाळी चहा झाला की मी आधी नानाला फोन लावायची. तो लवकर उठतो. बीपीची गोळी घेतली का, गुडघा कसा आहे, वहिनींनी लोणच्याला कैऱ्या फोडल्या का. मग भाऊला. त्याचं पित्त, त्याच्या बायकोची शाळा, धुळ्याचं पाणी. एकाचं दुसऱ्याला मी कधी सांगत नसे. एकदाच, सुरुवातीला, नाना आजारी असल्याचं मी भाऊच्या कानावर घातलं होतं, तर तो म्हणाला, "अक्का, तुला बोलायचं असेल तर माझ्याशी माझं बोल." तेव्हापासून मी दोन घरांची दोन कपाटं केली होती. या कपाटातलं त्या कपाटात जायचं नाही.

दोघांचं वैर चालायचं ते शिंदखेड्याच्या बाजारात. तिथल्या किराणा दुकानदारांना दोन्ही मिलींची तूरडाळ जायची. नानानं भाव खाली आणला की भाऊ आणखी खाली आणायचा. मग नाना चिडायचा. तिथला एक दुकानदार माझ्या मामेबहिणीच्या शेजारचा. एका लग्नात भेटला तेव्हा हसत हसत म्हणाला होता, "अक्का, तुमना भाऊसले भांडू द्या. आमना गावमा डाळ सस्ती शे ती त्यासनामुये." मला हसू आलं नाही, पण त्याचं म्हणणं खरं होतं, त्यांच्या भांडणापायीच त्याच्या गावात डाळ स्वस्त होती.

मग ते सॉफ्टवेअर आलं.

जळगावातल्या एका हॉटेलात डाळमिलवाल्यांसाठी कार्यक्रम झाला होता. बाहेरगावची कंपनी, टाय घातलेली तरुण मुलं, पडद्यावर रंगीत आलेख. भाव आता एआय काढेल, असं ते सांगत होते. बाजार समितीची आवक, पाऊस, बाहेरून येणारी तूर, आपली स्वतःची रोजची विक्री, सगळं त्यात घालायचं. रोज सकाळी मोबाइलवर भाव येणार, आणि आपण एक बटण चालू ठेवलं तर तोच भाव आपोआप सगळ्या गिऱ्हाइकांना जाणार. नानाला हे मनापासून आवडलं. त्याच्या डोळ्यांना मोतीबिंदू, आणि चार ठिकाणी फोन करून अंदाज घ्यायचा त्याला कंटाळा आला होता. "बाई, आता डोक्याला ताप नाही," तो मला म्हणाला. "यंत्र सांगतं, मी मान हलवतो."

त्यानंतर थोड्याच दिवसांत भाऊनंही फोनवर तेच सांगितलं. धुळ्यातही कार्यक्रम झाला होता. तीच कंपनी, तेच अ‍ॅप. "अक्का, मागच्या महिन्यापासून तोटा नाही. कुणाशी कापाकापी करायची गरजच पडत नाही." दोघांनी एकच यंत्र घेतलं हे मला कळत होतं. पण दोन कपाटं. मी काही बोलले नाही. आणि खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं होतं. दोघंही फोनवर शांत असायचे. बाजाराच्या नावानं शिव्या नाहीत, एकमेकांच्या नावानं उसासे नाहीत. मी देवापुढे दिवा लावताना म्हणायची, असंच राहू दे.

पुढच्या वर्षी मार्चच्या सुमारास शिंदखेड्याच्या त्याच दुकानदारानं दिल्लीला तक्रार केली. बाजारात धंदेवाल्यांनी आपसांत संगनमत करून भाव ठरवू नयेत, यावर लक्ष ठेवणारं सरकारी कार्यालय दिल्लीला आहे, हे मला तोवर माहीतही नव्हतं. त्यानं कित्येक दिवसांचे दोन्ही मिलींचे मोबाइलवर आलेले भाव जोडून पाठवले होते. रोज दोन्हीकडून तोच आकडा. वाढला तर दोन्हीकडे वाढलेला. उतरत मात्र फारसा नव्हता.

आधी नानाला नोटीस आली, मग भाऊला. इथपर्यंत मला वाटत होतं की कागदपत्रांचं काम आहे, वकील बघतील. एका दुपारी पोस्टमन माझ्या दारात आला. नोटीस माझ्याही नावाची होती.

मी ती तीनदा वाचली. इंग्रजी मला येतं, पण घाबरलेल्या माणसाला येणारी भाषाही येत नाहीशी होते. गल्लीच्या टोकाला एक वकीलबाई राहतात, त्यांच्याकडे गेले. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि मला बसायला सांगितलं.

"मावशी, दोन्ही मिलींच्या मालकांमध्ये बोलणं कुणामार्फत होतं, हे ते शोधतायत. दोघांच्या फोनच्या यादीत दोघांनाही रोज फोन करणारी व्यक्ती एकच निघाली. तुम्ही."

"अहो, मी बहीण आहे त्यांची."

"तेच तर," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांना पुन्हा एकदा सांगायला लावलं. चौकशी संपेपर्यंत दोघांनाही फोन करायचा नाही. निरोप नाही, भेट नाही, कुणाच्या हाती डबा नाही. "आता तुम्ही एकाशी जरी बोललात तरी त्याचा अर्थ लावला जाईल. तुमच्यासाठी नाही, त्यांच्यासाठी तरी थांबा." दोन्ही भावांच्या वकिलांनीही त्यांना तेच बजावलं होतं, हे मला नंतर कळलं.

त्या दिवसापासून माझी सकाळ गेली. चहा व्हायचा, मी मोबाइल हातात घ्यायची आणि परत टेबलावर ठेवायची. नानाला गोळीची आठवण कोण करत असेल? वहिनींना तरी लक्षात राहत असेल का? भाऊला पित्त झालं की तो कुणाला सांगत नाही, मला त्याच्या आवाजावरून कळायचं. आता आवाजच नव्हता. मी मोबाइल पिशवीत घालून ती पिशवी खुंटीला लावायला लागले. तरीही दर थोड्या वेळानं पिशवीकडे बघायची.

अखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे लेकीबाळी अखाजीला माहेरी जातात. मी म्हातारी झाले तरी एकही अखाजी मी नशिराबादला चुकवली नव्हती. वहिनी खापरावर पुरणाचे मांडे करायच्या, आणि मागच्या निंबाला झोका बांधलेला असायचा. भाऊ धुळ्याहून एसटीच्या पार्सलनं आंब्यांची पेटी पाठवायचा, ती माझ्या नावानं, जळगावच्या पत्त्यावर. त्यातले अर्धे आंबे मी नानाकडे न्यायची. कुठून आले हे नाना विचारायचा नाही आणि मी सांगायची नाही, पण तो ते आंबे नुसते खायचा नाही, कोयसुद्धा चोखायचा. त्या वर्षी पेटी आली नाही. मी घरी रस काढायला बाजारातून आंबे आणले आणि ते तसेच पडून काळे पडले. दुपारी गल्लीतल्या पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या. मी दार लावून घेतलं.

एकदा तर मी वेड्यासारखी धुळ्याच्या गाडीत जाऊन बसले. का गेले, सांगता येणार नाही. धुळ्याच्या स्टँडवर उतरले, बाकावर बसले. भाऊची मिल तिथून रिक्षानं काही लांब नाही. रिक्षावाले विचारून विचारून गेले, "कुठं जायचंय, मावशी?" मी म्हणाले, कुणी न्यायला येणार आहे. बसल्या बसल्या एकदम वाटलं की इथे मला कुणी पाहिलं तर? बहीण धुळ्याला आली होती असं कुणी सांगितलं तर? मी पदर डोक्यावर घेतला. आणि तसाच घेऊन परतीच्या गाडीत चढले. जन्मात कधी चोरी केली नाही, पण चोर कसा बसतो ते मला त्या बाकावर कळलं.

पावसाळ्यात दिल्लीचे अधिकारी जळगावला आले. सरकारी विश्रामगृहात त्यांनी खोली घेतली होती. एक बाई होत्या, पन्नाशीच्या, केस कापलेले, आणि एक टंकलेखक. वकीलबाई माझ्याबरोबर होत्या, पण त्यांना मागे बसायला सांगितलं. त्या अधिकारीबाई हिंदीत बोलत होत्या, आणि फार सौम्य. मला त्यांनी आधी चहा दिला. त्या कठोर असत्या तर मला बरं झालं असतं.

त्यांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला. एका ओळीत माझा नशिराबादचा फोन, त्याखाली माझा धुळ्याचा फोन, त्याखाली दोन्ही मिलींचे भाव सुटल्याची वेळ. असं पानभर. रोज आधी मी बोलत होते आणि त्यानंतर थोड्याच वेळात दोन्हीकडून तोच भाव जात होता.

"माताजी, तुम्हीच सांगा. हे बघून आम्ही काय समजायचं?"

मी त्या पानाकडे बघत राहिले. माझंच आयुष्य होतं ते. माझा चहा, माझं औषध विचारणं, माझं "बरंय, ठेवते" म्हणणं. सगळं तिथे होतं आणि त्यातून भलतंच काहीतरी तयार झालं होतं.

"भाव ते अ‍ॅप पाठवतं," मी म्हणाले. "सकाळीच पाठवतं. मीही सकाळीच फोन करते, कारण म्हातारी माणसं सकाळी उठतात."

त्या किंचित हसल्या. मग म्हणाल्या, "पूर्वी आमचं काम सोपं होतं. व्यापारी एखाद्या हॉटेलात जमायचे, आम्ही हॉटेलचं रजिस्टर शोधायचो. आता कुणी जमत नाही, कुणी बोलत नाही, तरी भाव एक होतात. सगळ्यांचे आकडे एकाच यंत्राच्या पोटात जातात आणि यंत्र सगळ्यांना एकच सांगतं. हा दोष कुणाचा धरायचा, हे आम्हीही शिकतोय. पण यंत्राला धरायचं तर आधी मधली माणसं वगळावी लागतात. तुम्हाला वगळायला मी आलेय."

वगळायला. त्यांचा हेतू चांगला होता, हे मला तेव्हाही कळलं.

मग शपथेवर प्रश्न सुरू झाले. डाळीच्या भावाबद्दल कधी बोलणं झालं का? नाही. एकानं दुसऱ्याला काही कळवायला सांगितलं का? कधीच नाही. आणि मग, "नशिराबादच्या भावांनी धुळ्याबद्दल कधी काही विचारलं का?"

मागे वकीलबाईंची खुर्ची वाजली.

विचारलं होतं. एकदाच. आदल्या दिवाळीच्या आधी, फोन ठेवता ठेवता नाना अगदी हळू म्हणाला होता, "धुळ्याला कसं चाललंय?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी म्हणाले होते, "चाललंय." आणि त्यानं "बरं" म्हणून फोन ठेवला होता. त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली होती. भाऊला सांगावं असं शंभरदा मनात आलं, पण सांगितलं तर तो काहीतरी तिरकं बोलेल आणि ते कोवळं मोडेल, म्हणून नाही सांगितलं. थोडं वाढू दे, मग सांगू, असं मनाशी म्हणाले.

शपथ घेतलेली होती. मी शाळेत मुलांना आयुष्यभर खरं बोला म्हणून शिकवलं. मी ते वाक्य सांगितलं. आणि हेही सांगितलं की तो भावाची खुशाली विचारत होता, डाळीची नाही. त्यांनी दोन्ही लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं, मी सही केली. एक शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता.

जबाबाची प्रत कायद्याप्रमाणे सगळ्या पक्षांना जाते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, मी ऐकलं नसेल.

नानाच्या वकिलानं ती वाचली आणि नानाला म्हणाला म्हणे, "धुळ्याला कसं चाललंय याचा अर्थ कोर्टात एकच होतो, बाजार कसा चाललाय. तुमच्या बहिणीनं तुमच्या गळ्यात दोर अडकवला." हे मला वहिनींनी सांगितलं, फोनवर नाही, जळगावच्या सोनाराच्या गल्लीत अचानक समोर आल्या तेव्हा. त्यांनी आधी इकडेतिकडे बघितलं. मग म्हणाल्या, "ते जेवत नाहीत, बाई. म्हणतात, सगळ्या जन्मात एक गोष्ट मनातली विचारली, ती हिनं सरकारात नेऊन दिली."

"वहिनी, मी खरं तेच..."

"तुम्ही खरंच बोललात हो," त्या म्हणाल्या, आणि पुढे निघून गेल्या.

भाऊ स्वतः आला. वकिलाचं न ऐकता, दुपारच्या उन्हात, हेल्मेट न काढता दारात उभा राहिला. मी त्याला आत ओढलं. किती महिन्यांनी बघत होते. गालफडं बसली होती. पाणी दिलं ते त्यानं घेतलं नाही.

"अक्का, नाना माझ्यावर नजर ठेवून होता. आणि तुला ते माहीत होतं."

"नजर नाही रे. तो तुझी चौकशी करत होता."

"चौकशीच तर चाललीय माझी!" तो ओरडला. मग एकदम त्याचा आवाज खाली आला. "मला का नाही सांगितलं तेव्हा? एक शब्द? मी काय केलं असतं माहितीये? मी गाडी काढून नशिराबादला गेलो असतो."

हे तो खरं बोलत होता की आता, सगळं मोडल्यावर, त्याला तसं वाटत होतं, मला सांगता येत नाही. मी त्याचा हात धरायला गेले.

"जा ना मग," मी म्हणाले. "आत्ता जा. मी येते बरोबर."

"आत्ता?" तो हसला, आणि ते हसू मला बघवलं नाही. "आत्ता गेलो तर दिल्लीत काय म्हणतील? भाऊ भांडले म्हणून सांगतात आणि एकत्र जेवतात. वकील म्हणतो, आमचं भांडण हाच आमचा बचाव आहे. जितकं जुनं तितकं चांगलं. आमच्याकडच्या लग्नांच्या पत्रिका मागितल्यात त्यानं, त्यांवर नानाचं नाव नाही हे दाखवायला. आईच्या दहाव्याचे फोटो मागितलेत. आम्ही दोन टोकांना उभे असलेले."

त्यानं ते फोटो माझ्याकडे मागितले. माझ्याकडेच होते ते. मी कपाट उघडलं आणि दिले. दुसरं काय करणार होते? मी एकेक फोटो निवडत होते. या फोटोत जरा जवळ उभे आहेत, हा नको. यात पाठ आहे, हा घे. तो गेल्यावर मी तिथेच कपाटापुढे फरशीवर बसून राहिले, दिवे लागेपर्यंत.

दसऱ्यानंतर मी शिंदखेड्याला गेले. तक्रार करणाऱ्या दुकानदाराला भेटायचं होतं. काय मागायला गेले होते, तक्रार मागे घे म्हणायला की त्याला शिव्या द्यायला, तेही ठरलेलं नव्हतं. त्याच्याशी बोलू नका असं मला कुणी सांगितलेलं नव्हतं, हेच काय ते. दुकान लहान, पुढे डाळी-तांदळाची पोती, त्यावर आकड्यांच्या पाट्या. मला बघून तो गल्ल्यावरून उठला आणि स्टूल पुसून दिलं.

"अक्का, तुमना भाऊसवर मना राग नही," तो म्हणाला. "पन बठ्ठा बाजारमा एकच भाव शे, मंग मी जाऊ कोठे? पहिले एक नही म्हने तर दुसरा व्हता."

एक बाई आली. तिनं पाटीवरचा भाव वाचला, पिशवी चाचपली आणि पावशेर डाळ मागितली. त्यानं मापून दिली. ती गेल्यावर त्यानं माप परत पोत्यात खोचलं. माझ्या मनात त्याच्याविरुद्ध जे जे होतं ते कुठेतरी सांडून गेलं, आणि त्याची जागा घ्यायला दुसरं काही आलं नाही. कुणावर रागावता येत होतं तोवर निदान आधार होता. तो खरा होता. त्या दिल्लीच्या बाई खऱ्या होत्या. माझे भाऊ कुणाशी बोलले नव्हते, तेही खरं होतं. सगळे खरे असून माझं घर संपलं होतं. त्यानं मला स्टँडपर्यंत सोडलं आणि गाडीत खिडकीची जागा बघून दिली.

हिवाळा सरता सरता कागद आले. मधली माणसं वगळून झाली होती, आता रोख त्या कंपनीकडे वळला होता. त्या कंपनीनं एका गिऱ्हाइकाचे आकडे दुसऱ्याचा भाव काढायला वापरायचे नाहीत, असं तूर्त बजावलं गेलं. मिलवाल्यांनाही सांगितलं होतं की यंत्रानं सांगितलं ही सबब चालणार नाही. आपला भाव आपण ठरवायचा, आणि तो का ठरवला हे आपल्याला सांगता आलं पाहिजे. बाकीचं प्रकरण अजून चालू आहे. मी मात्र त्यातून मोकळी, अशी एक ओळ माझ्या पत्रात होती.

वकीलबाईंनी पेढे मागितले. मी हसले. आणि दुसऱ्या दिवशी नशिराबादच्या गाडीत बसले.

नाना मिलच्या ऑफिसात होता. मला बघून उठला नाही, पण "ये" म्हणाला. तेवढ्यावर माझे डोळे भरले. त्याच्यापुढे ताटलीत डाळ होती. तो तिच्यात बोट फिरवत होता. एक दाणा त्यानं दाताखाली फोडला.

"आता भाव मीच लावायचा म्हणतात," तो म्हणाला. "का लावला तेही लिहायचं. तीस-चाळीस वर्षं लावला मी, कुणाला विचारून नाही. आता लावायला बसलो की आकडा लिहितो आणि खोडतो. जास्त लावला तर गिऱ्हाईक जाईल. कमी लावला तर बुडेन. आणि नेमका तोच निघाला, त्याच्याइतकाच, तर? मग पुन्हा ते येतील. आता त्याच्यासारखा भाव निघू नये म्हणून तरी त्याचा भाव कळायला पाहिजे. आणि विचारायची तर सोय नाही."

"नाना, घरी चल. जेवून घे."

"वहिनीला भेट," तो म्हणाला. "मी येतो." तो काही आला नाही.

मी स्वयंपाकघरात वहिनींजवळ बसले. त्यांनी ताट वाढलं. दोन घास गिळले. भाऊच्या मिलमधली एक चक्की बंद पडलीय, तोही असाच सकाळी आकड्यापुढे बसून राहतो, हे मला त्याच्या बायकोकडून कळलं होतं. ते सांगावं म्हणून मी आले होते. नानाला कळावं की तिकडेही हीच गत आहे. पण धुळे हा शब्द माझ्या जिभेवर येईना. आला असता तर मीच दचकले असते.

निघताना वहिनी स्टॉपपर्यंत आल्या. हायवेवर ट्रकमागून ट्रक जात होते, त्यांचा वारा अंगावर येत होता. वहिनींनी माझी पिशवी हातात घेतली होती, ती देता देता म्हणाल्या, "बाई, राग मानू नका. थोडे दिवस येऊ नका. तुम्ही येऊन गेलात की त्यांना झोप लागत नाही."

"बरं," मी म्हणाले.

भुसावळकडून गाडी आली. भरलेली होती. वहिनींनी मला मागून हात देऊन वर चढवलं. आत उभं राहायलाही जागा नव्हती. मी वरचा दांडा धरला. खिडकीतून वाकून बघितलं तर वहिनी परत फिरल्या होत्या. एका कॉलेजच्या मुलीनं उठून मला जागा दिली. मी बसले, पिशवी मांडीवर घेतली, आणि कंडक्टरनं कुठं म्हणून विचारलं, तर तोंडातून नशिराबाद निघालं. त्यानं पुन्हा विचारलं. मी जळगाव म्हणाले.